सॉरी झालं, गिफ्ट झालं, की परत ये रे माझ्या मागल्या

या वेळी आलेल्या पत्रांत आणि मेसेजमध्ये प्रेमाचेच प्रश्न जास्त आहेत, आणि बहुतेक सगळ्यांची सुरुवात एकाच सुरात, की ताई माणूस तसा वाईट नाही हो. मी ते मान्य करूनच पुढं वाचते. माणूस चांगला की वाईट हे मला इथं बसून ठरवता येत नाही आणि खरं तर तुम्हालाही प्रेमात असताना ठरवता येत नाही, पण परत परत काय घडायलंय ते मात्र दोघांनाही दिसतं. म्हणून यावेळी तेवढंच बघू. नावं काढलीत, गावं बदललीत, लांबलचक पत्रं थोडी कापलीत.

प्रश्न : ताई नमस्कार. मी २४ वर्षांची, गाव जालना जिल्ह्यात, सध्या संभाजीनगरला सिडकोत रूम करून राहते आणि एका लॅबमध्ये कामाला आहे. आमचं तीन वर्षांपासून आहे, तो वाळूजला कंपनीत आहे. जीव खूप लावतो पण राग लवकर येतो. म्हणजे मी सॅम्पल घेत असताना फोन उचलला नाही की याचं तोंड फुगलेलं, मग रात्री भांडण आणि मग डायरेक्ट ब्लॉक, चार चार दिवस. मग मी त्याच्या मित्राच्या फोनवरून मनधरणी करते, मग तो येतो, रडतो, आईची शपथ घेतो, फिरायला नेतो, मागच्या वेळी तर पैठणीच्या काठाचा ड्रेस आणला. मग महिनाभर एकदम मस्त. मग परत तेच. गेल्या वेळी भांडताना त्यानं हात इतका जोरात धरला की बांगडी फुटून रक्त आलं, पण ते चुकून झालं, त्यालाच माझ्यापेक्षा जास्त वाईट वाटलं. लाईव्ह लोकेशन चालू ठेवावं लागतं पण ते काळजीपोटी. रूममेट म्हणते सोड त्याला, पण तिचं स्वतःचं कुठं काय आहे, तिला काय कळतं. मला एवढंच सांगा की त्याला राग येऊ नये म्हणून मी काय करू?

उत्तर : बाळा, तुझाच प्रश्न परत एकदा वाच. तीन वर्षांच्या सगळ्या कहाणीत तू विचारलंस काय, तर त्याच्या रागाची ड्युटी मी अजून चांगली कशी करू. तुला कधी राग येतो का, आला तर तो कुठं जातो, याच्यावर अख्ख्या पत्रात एक ओळ नाही.

आता तू लिहिलेलंच मी फक्त ओळीनं लावते. आधी तणतण, मग स्फोट आणि ब्लॉक, मग रडणं-शपथा-ड्रेस, मग मस्त महिना, मग परत तणतण. अमेरिकेत लेनोर वॉकर नावाच्या मानसशास्त्रज्ञ बाईंनी नवऱ्याकडून मार खाणाऱ्या बायकांशी बोलून १९७९ साली नेमकं हेच चक्र मांडलं, ताण चढतो, फुटतो, मग माफी आणि लाड. सगळ्यांचं असंच फिरतं असं नाही, कित्येक घरात लाडाचा टप्पा येतच नाही, आणि वॉकर बाईंच्या मांडणीवर नंतर टीकाही बरीच झाली. पण तुझं पत्र तर त्यात चपखल बसतंय. आणि एक बघ, तू मस्त महिन्याला प्रेम म्हणतेस आणि बाकीच्याला त्याचा स्वभाव म्हणतेस, जसं काही दोन वेगळी माणसं आहेत. दोन्ही एकच आहे. तो महिना नसता तर तू केव्हाच निघून गेली असतीस, त्या महिन्यामुळंच तर बाकीचं चालतं. तो मुद्दाम प्लॅन करून करतो असं मी म्हणत नाहीये, त्याला ते रडू खरंच येत असेल, पण खरं रडणारा माणूससुद्धा परत तेच करू शकतो.

सुटत का नाही मग? तू काही येडी नाहीस. स्किनर नावाच्या शास्त्रज्ञानं कबुतरांवर बरेच प्रयोग केलेत. चोच मारली की दरवेळी दाणा मिळणारं कबुतर दाणे बंद झाले की लवकर नाद सोडतं, पण ज्याला कधी मिळतो कधी नाही असं असतं ते दाणे बंद झाल्यावरही कितीतरी वेळ चोच मारतच राहतं. पुढं १९८१ मध्ये कॅनडातल्या डटन आणि पेंटर या दोघांनी हे माणसांच्या नात्याला लावून दाखवलं, की त्रास आणि माया आळीपाळीनं एकाच हातून मिळाली तर ओढ कमी व्हायच्या जागी घट्ट होते. तुझ्या भाषेत सांगू का, मेसेजला एकच टिक, डीपीच्या जागी तो राखाडी गोळा, रात्री दोनला उठून परत बघायचं, मशीनवर सॅम्पल लावतानासुद्धा लक्ष फोनमध्ये, आणि चौथ्या दिवशी अचानक डीपी दिसला की छातीवरचा धोंडा उतरतो. ते उतरणं इतकं छान वाटतं ना की आपण त्यालाच प्रेम समजतो. धोंडा ठेवला कुणी हे त्या मिनिटाला कुणाला आठवतंय.

आता बांगडीचं. ते चुकून नाही. भांडणात हात धरला, जोरात धरला, रक्त येईपर्यंत धरला, यात चुकून कुठंय? इथून पुढं मी तुला समजूत काढायच्या टिपा देणार नाही, कारण हात लागला की प्रश्न संवादाचा राहत नाही, सेफ्टीचा होतो.

म्हणून करायचं असं. एका वहीत, आणि वही लॅबमध्ये ठेव, रूमवर नको आणि फोनमध्ये तर नकोच कारण फोन तो बघतो असं मला तुझ्या पत्रावरून वाटतंय, तर वहीत मागच्या वर्षभराचं आठवेल तेवढं लिही, कधी ब्लॉक केलं, कधी काढलं, कारण काय होतं. कारणं दरवेळी वेगळी निघतील बघ, कधी फोन, कधी ड्रेस, कधी लॅबमधला सर. शेवट मात्र सारखाच. कारण बदलून शेवट बदलत नसेल तर तू फोन पटापट उचलून काय होणार आहे? दुसरं, आता ब्लॉक केलं तर राहू दे ब्लॉक. मित्राच्या फोनवरून मनधरणी नाही. त्या चार दिवसांत जीव कासावीस होईल, तेव्हा त्याच रूममेटजवळ जाऊन बस जिला काही कळत नाही. (तिला बरंच कळतं. आणि तिच्यापासून तू लांब चाललीस हे पण याच चक्रातलं आहे.) तिसरं, लोकेशन बंद कर. समोरासमोर एकटीत नाही, फोनवर सांग, शांत दिवस बघून सांग, की आजपासून बंद ठेवणार आहे, काळजी असेल तर घरी पोचल्यावर मेसेज करीन. आणि मग तो काय करतो ते बघ. तुला वाईट वाटलं, त्याला वाईट वाटलं, थोडी कुरकुर झाली इथपर्यंत ठीक. पण साध्या नाहीची शिक्षा मिळायली तर तुला तुझं उत्तर मिळालं.

माणसं बदलत नाहीत असं मी म्हणणार नाही, बदलतात. पण ते सॉरीवरून कळत नाही, ड्रेसवरून तर अजिबातच नाही. पुढच्या वेळी तू फोन उचलला नाहीस तेव्हा संध्याकाळी तो काय बोलतो त्यावरून कळतं. आणि स्वतःच्या रागासाठी स्वतः जाऊन कुणाची मदत घेतो का, तू हाताला धरून न नेता, त्यावरून.

सोडायचं ठरलं तर ‘शेवटचं एकदा भेटू’ म्हणून दौलताबाद रोडला नाहीतर कुठल्या मित्राच्या रूमवर जायचं नाही म्हणजे नाही. बोलायचं ते फोनवर, आणि घरातल्या एकाला तरी, वहिनी असेल मावशी असेल, आधी सांगून. नको म्हणल्यावरही मागं मागं येणं, लॅबच्या दारात उभं राहणं, सारखे मेसेज टाकणं हा गुन्हा आहे, २०१३ पासून आहे, आता भारतीय न्याय संहितेत कलम ७८ खाली येतो. शहरात छेडछाडीसाठी पोलिसांचं दामिनी पथक आहे, पोलिसांचा भरोसा सेल आहे, घाईच्या वेळी ११२ आणि बोलायला कुणी हवं असेल तर महिलांसाठी १८१. नंबर आजच सेव्ह कर, दुसऱ्या कुठल्या तरी नावानं.

प्रश्न : मी परभणीचा, वय २७, आमचं कृषी सेवा केंद्र आहे. माझी गर्लफ्रेंड नांदेडला नर्सिंगला आहे. ताई मीच जरा चुकायलोय असं वाटतंय म्हणून लिहितोय. तिच्या इन्स्टाचा पासवर्ड माझ्याकडं आहे, तिनंच दिला, मी मागितला होता. तरी डोक्यात येतच राहतं की ही ऑनलाईन आहे मग मला रिप्लाय काहून नाही. व्हिडिओ कॉल करून खोली दाखव म्हणतो. परवा ती म्हणली तू सायको झालायस, मला श्वास घेता येईना. मी तिच्यावर हात उचललेला नाही कधी, उचलणार पण नाही. लग्न तिच्याशीच करायचंय. आमचे अप्पा पण आईला असंच विचारायचे, विहिरीवर एवढा वेळ काहून लागला म्हणून, तेव्हा मला राग यायचा अप्पांचा. उपाय सांगा.

उत्तर : भाऊ, अशी पत्रं फार कमी येतात. सहसा मुली लिहितात की तो असा करतो, तो स्वतः लिहीत नाही. तू लिहिलंस, बरं झालं. आता ऐकायची पण तयारी ठेव.

भर दुपारी दुकानात गिऱ्हाईक उभंय, कपाशीच्या बियाण्याचं पाकीट मागायलंय, आणि तू काउंटरखाली फोन धरून हिरवा ठिपका बघायलास. असंच ना? मग तू फोन लावतोस, ती उचलते, खोली दाखवते, पाठीमागं मैत्रीण दिसते, आणि तुला एकदम हायसं वाटतं. किती वेळ? अर्धा तास? मग नवीन काहीतरी. ती मैत्रीण मुद्दाम बसवली असेल का, व्हिडिओ उचलायला एवढा वेळ का लागला. पुराव्यानं संशय मिटत असता तर पासवर्ड मिळाल्या दिवशीच मिटला असता. दरवेळी तपासलं की तुझं डोकं हेच शिकतं की तपासलं म्हणून वाचलो, म्हणजे पुढच्या वेळी तपासायची खाज अजून जास्त. खाजवल्यानं नायटा बरा होतो का सांग.

हे येतं कुठून ते तूच लिहून टाकलंस. ब्रिटनच्या मानसोपचारतज्ज्ञ जॉन बोल्बींनी आणि त्यांच्या बरोबर काम केलेल्या मेरी एन्सवर्थ बाईंनी लहान लेकरं आणि आया यांच्यावर आयुष्यभर काम केलं, त्यातून पुढं मोठ्या माणसांच्या प्रेमाबद्दलही बरंच कळलं, की जवळचं माणूस नजरेआड गेलं की काहींना नुसती आठवण येते आणि काहींच्या पोटात खड्डा पडतो, आता हे परत येतच नाही असं वाटतं. तुझा तो खड्डा आहे. अप्पांचाही असेल, पण त्यांनी तो आईवर काढला आणि तू लहानपणी बघत उभा होतास. राग यायचा म्हणतोस, तरी शिकलास तेच. याच्यात तुझा दोष नाही. पण आता २७ व्या वर्षी कुणाचा?

आणि हात उचलला नाही हे सर्टिफिकेट म्हणून लावू नकोस. इंग्लंडमध्ये २०१५ च्या कायद्यानं जोडीदारावर सतत असा ताबा ठेवणं, त्याला धाकात ठेवणं, हाच वेगळा गुन्हा धरलाय, मारहाण नसली तरी. आपल्याकडं नेमका तसा कायदा नाही, पण श्वास घेता येईना हे तर तिनं तुला तोंडावर सांगितलं. ह्याच्यापुढं अजून काय सांगायचं तिनं?

पासवर्ड परत कर. म्हणजे ‘मी आता बघत नाही’ असं नाही, तिला बदलायला सांग आणि नवीन विचारू नको. खोली दाखव हे बंद, आजपासून. पोटात खड्डा पडला की लगेच फोन लावायचा नाही, आधी गोडाऊनमध्ये जाऊन पोती मोज, स्टॉक लाव, पाणी पी, काहीही कर, ती लाट चढते आणि उतरते, उतरते हे तू अजून बघितलंच नाहीस कारण तू कधी थांबलाच नाहीस. सुरुवातीचे दिवस अवघड जातील, मग थोडं थोडं सोपं होईल. तिला बोलायचं तर ‘कुठं होतीस’ असं विचारायच्या जागी ‘मला आज उगाच भीती वाटली’ एवढं सांग, आणि सांगून सोडून दे, तिनं त्यावर लगेच काही करावं अशी अपेक्षा ठेवू नको. तुझ्या भीतीवरची डॉक्टर ती नाहीये. त्यासाठी टेलिमानस हेल्पलाईन आहे, १४४१६, सरकारी आहे, फुकट आहे, रात्री अपरात्री लागतो, मराठीत बोलता येतं. जिल्हा रुग्णालयातही मानसोपचाराची ओपीडी असते, तिथं जाणारा माणूस येडा असतो हे डोक्यातून काढ.

लग्नाचं इतक्यात नको. लग्न झालं की संशय जाईल असं तुझ्या मनात असेल तर अप्पांचं लग्न झालेलंच होतं. आणि एवढं सगळं करूनही ती म्हणली की नको आता, तर नांदेडच्या हॉस्टेलबाहेर जाऊन उभं राहायचं नाही. वरच्या पत्राच्या उत्तरात कलम लिहिलंय.

प्रश्न : मॅडम, माझं वय ३५, लातूर. लग्नाला नऊ वर्षं झाली, एक मुलगा सात वर्षांचा. मिस्टर स्वभावानं शांत, व्यसन नाही काही नाही. पण काही बोलायला गेलं की गप्प. आठ आठ दिवस अबोला. मी पण सोडत नाही, बाथरूमच्या दारापर्यंत मागं जाऊन बोलते, कारण मला उत्तर पाहिजे असतं. मग ते गाडी काढून निघून जातात. मुलाला मी सांगते पप्पाला म्हण जेवायला या, ते त्यालाच म्हणतात आईला सांग भूक नाही. सासूबाई म्हणतात पुरुषाच्या मागं एवढं लागू नये. मला हे असं किती दिवस काढायचं?

उत्तर : तुम्ही बाथरूमच्या दाराचं लिहिलंत ना, ते लिहिल्याबद्दल आधी थँक्यू, नाहीतर मला अर्धंच चित्र दिसलं असतं.

तुम्ही मागं लागता कारण ते गप्प असतात, आणि ते गप्प होतात कारण तुम्ही मागं लागता. दोघंही खरे आहात आणि दोघांनाही वाटतं सुरुवात समोरच्यानं केली. जॉन गॉटमन म्हणून अमेरिकेतले संशोधक आहेत, त्यांनी जोडप्यांना समोरासमोर बसवून, अंगाला वायरी लावून, भांडताना मोजमाप केलं. त्यांना दिसलं की भिंतीसारखा गप्प बसलेला माणूस आतून शांत नसतो, कित्येकदा त्याचे ठोके शंभराच्या वर गेलेले असतात, आणि त्या अवस्थेत माणसाला नीट ऐकूच येत नाही, उत्तर तर लांबची गोष्ट. हे खाली यायला निदान वीस मिनिटं लागतात. म्हणजे तुम्ही दारात उभं राहून जे बोलता, अगदी बरोबर बोलत असलात तरी ते पालथ्या घड्यावर पाणी.

पण वीस मिनिटं आणि आठ दिवस यात फरक आहे. वीस मिनिटं, तासभर, फार तर रात्रभर हे स्वतःला सावरणं झालं. आठ दिवस ही शिक्षा झाली, ते शांत स्वभावाचे असले तरी. सासूबाईंचं अर्धं खरंय, मागं लागू नये, पण राहिलेलं अर्धं त्यांनी त्यांच्या लेकाला सांगायला पाहिजे होतं.

भांडण नसताना, रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर म्हणा, त्यांच्याशी एकच ठरवा. डोकं तापलं की दोघांपैकी कुणीही ‘आत्ता नको’ म्हणू शकतं, दुसऱ्यानं त्या क्षणाला थांबायचं, पण ज्यानं नको म्हणलं त्यानंच परत कधी बोलायचं ते तिथंच सांगायचं. रात्री नऊला, उद्या चहाला, काहीही, पण वेळ सांगायची आणि ती पाळायची. तुमचं काम अवघड आहे, थांबणं. त्यांचं त्याहून अवघड, परत येणं. पहिल्यांदा जमणार नाही, दुसऱ्यांदा अर्धं जमेल, चालतंय.

आणि लेकराची पोस्टमनची नोकरी आज संध्याकाळपासून बंद. जेवायला या हे तुम्ही स्वतः म्हणा, ते उठले नाहीत तर ताट झाकून ठेवा आणि तुम्ही जेवा. सात वर्षांच्या पोराला वाटतं की निरोप आपण नीट सांगितला नाही म्हणून पप्पा जेवले नाहीत.

एक गोष्ट तुम्ही लिहिलेली नाही म्हणून विचारते. अबोल्याच्या दिवसांत घरखर्चाचे पैसे पण थांबतात का? माहेरी फोन करायला बंदी असते का? तसं असेल तर हे वीस मिनिटांचं गणित विसरा. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्यात मारहाणीसोबत मानसिक छळ आणि पैशाची कोंडी पण धरलेली आहे. बाईला त्यासाठी वकील फुकट मिळतो, उत्पन्नाची अट नाही, जिल्हा कोर्टाच्या आवारात विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस असतं तिथं विचारायचं, नाहीतर १५१०० ला फोन. तसं काही नसेल तर आधी रविवारची दुपार.

प्रश्न : मी ३१, अंबाजोगाई, शिक्षिका. तीन रिलेशनशिप झाल्या, तीनही सारख्याच. सुरुवातीला एकदम स्वप्नासारखं, दिवसरात्र बोलणं, मग तो हळूहळू गायब. आता घरचे स्थळं दाखवायलेत, एक चांगला मुलगा आहे पण त्याच्याशी बोलताना काहीच होत नाही हो, बोअर वाटतं. माझ्यातच काही खोट आहे का?

उत्तर : खोट नाही, सवय आहे. तीनदा तुम्ही जे अनुभवलं त्यात प्रेमासोबत धाकधूक मिसळलेली होती, येईल का, बोलेल का, आज मूड कसा असेल. आता धाकधूक नसली की काहीतरी कमी पडल्यासारखं वाटतं. तिखटाची सवय झालेल्याला वरण-भात असाच लागतो. याचा अर्थ त्या चांगल्या मुलाशी लग्न करून टाका असा अजिबात नाही, हं. खरंच बोअर असलेली माणसं पण असतात जगात, आणि स्थळ म्हणून आलेला प्रत्येक जण चांगलाच असतो हा आपल्याकडचा गोड गैरसमज आहे. फक्त दोन भेटींवर फुली मारू नका. अजून दोन-चारदा भेटा, बोलण्यापेक्षा काहीतरी करताना बघा, बाजारात, प्रवासात, वेटरशी बोलताना, त्याच्या मनासारखं झालं नाही तेव्हा.

आणि पुढच्या वेळी कुणी पहिल्या आठवड्यातच ‘तुझ्यासारखी कुणी भेटलीच नाही’ म्हणलं, दिवसाला दोनशे मेसेज, महिन्यात लग्नाच्या गोष्टी, तर खूश व्हा पण वेग कमी करा. मुद्दाम एखाद्या शनिवारी सांगा, आज मैत्रिणींबरोबर आहे, उद्या बोलू. जो उद्यापर्यंत आनंदानं थांबतो त्याचं बघता येईल पुढचं. आधीच्या तिघांना असं कधी थांबवून बघितलं होतं का, आठवा जरा.

प्रश्न : ताई प्लीज लवकर उत्तर द्या. मी १९ वर्षांची, शिकायला लातूरला. ब्रेकअप केलं म्हणून तो म्हणतोय आपले फोटो तुझ्या भावाला पाठवीन, नाहीतर परत ये. फोटो मीच पाठवले होते त्याला. घरी कळलं तर शिक्षण बंद.

उत्तर : तुला मेसेजवर लगेच कळवलं होतंच, पण अशा अजून मुली वाचत असतील म्हणून इथं पण छापतो. फोटो तू स्वतः पाठवलेस म्हणून तुझा गुन्हा होत नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ मध्ये स्पष्ट लिहिलंय की फोटोला संमती असली आणि दुसऱ्याला दाखवायला नसली, तरी दाखवणारा गुन्हेगार. शिवाय आयटी कायदा वेगळा लागतो.

परत जायचं नाही, एकदा गेलीस की त्याला कळलं की धमकी चालते. पैसे द्यायचे नाहीत. आणि रागात चॅट डिलीट करायची नाही, तोच पुरावा आहे, नंबर आणि तारीख दिसेल असे स्क्रीनशॉट काढून एखाद्या विश्वासातल्या मैत्रिणीकडं पण ठेव. मग १९३० या सायबर गुन्ह्यांच्या हेल्पलाईनला फोन, नाहीतर सायबरक्राईम डॉट गव्ह डॉट इन वर तक्रार, बायकांच्या आणि मुलांच्या तक्रारींचा वेगळा भाग आहे तिथं नाव न देता पण लिहिता येतं. पोलीस स्टेशनला जायचं तर कुठल्याही ठाण्यात एफआयआर घ्यावीच लागते, आमच्या हद्दीत येत नाही असं म्हणून परत पाठवता येत नाही, एकटी जाऊ नको. स्टॉप एनसीआयआय नावाची एक फुकट वेबसाईट आहे, १८ च्या पुढच्यांसाठी, त्यावर फोटो तुझ्या फोनमधून बाहेर न जाता त्याचा नुसता कोड तयार होतो आणि इन्स्टा-फेसबुकसारख्या कंपन्या त्या कोडवरून तो फोटो अडवतात.

भावाचं. त्याच्याकडून कळण्याआधी घरात तुझ्याकडून कळलं तर धमकीत काही उरतच नाही, पण हे मी इथून म्हणणं सोपंय, तुझं घर तुला माहिती. आई, आत्या, चुलतबहीण, जी ऐकून घेईल आणि लगेच बोंब मारणार नाही अशी एक बाई निवड आणि आधी तिला सांग. तोपर्यंत त्याचा मेसेज आला तर उत्तर देऊ नको, शिवी पण देऊ नको, स्क्रीनशॉट काढ आणि फोन बाजूला ठेव.